बातमीतला कर्ता

वृत्तपत्रासाठी वाक्य कसे लिहावे, ह्याविषयी नियमांची वाण कधीच पडलेली नाही. वाक्य आटोपशीर असावे, विशेषणे बेताने वापरावीत, मुख्य गोष्ट आरंभी सांगावी, आकडे पुन्हा तपासावेत, ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष द्यावे, अशी उपदेशाची शिदोरी प्रत्येक होतकरू बातमीदाराच्या पदरी बांधलेली असते. ह्यांतील बहुतेक नियम सोयीचे होत. ते पाळल्याने वाचकाचा वेळ वाचतो आणि मुद्रितशोधकाचे डोळे वाचतात. मोडल्याने फार तर हसे होते. परंतु त्यांच्याच रांगेत एक प्रश्न असा बसलेला आहे की जो दिसावयास व्याकरणाचा आणि असावयास नीतीचा आहे. क्रियापदाला कर्ता द्यावयाचा की नाही, हा तो प्रश्न. शाळेत ह्याचे उत्तर पाच गुणांसाठी लिहिले जाते. वृत्तपत्रात त्याच्या उत्तरावर कधी कधी माणसाची अब्रू आणि कधी कधी मेलेल्यांचा न्याय अवलंबून असतो.

ह्या प्रश्नाची पहिली ओळख आपणां सर्वांस घरातच होते. लोणच्याची बरणी फळीवरून खाली येते आणि स्वयंपाकघरातून विचारणा होते, तेव्हा चार वर्षांचे मूलही 'मी बरणी फोडली' असे म्हणत नाही. 'बरणी फुटली' असे म्हणते. आपल्या भाषेने त्याची सोय आधीच करून ठेवली आहे. फोडणे आणि फुटणे, तोडणे आणि तुटणे, पाडणे आणि पडणे, सोडणे आणि सुटणे, मारणे आणि मरणे, अशी क्रियापदांची जोडपी मराठीत जागोजाग आहेत. जोडप्यातील एकाला कर्ता लागतो. दुसरे आपल्या आपणच घडते. 'बरणी फुटली' ह्या वाक्यात असत्य एक अक्षरही नाही. बरणी खरोखरच फुटलेली असते. तरीही मुलाच्या आईला त्या वाक्यात काहीतरी उणे आहे हे तत्काळ कळते, आणि तिचा पुढचा प्रश्न 'कोणी फोडली?' हाच असतो. आमच्या समजुतीप्रमाणे वृत्तपत्राच्या संपादकास ह्या आईहून निराळे काही करावयाचे नसते. दुर्दैव असे की, पुष्कळदा तो मुलाच्या बाजूने लिहितो.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. इंग्रजीत स्वच्छ लेखनाचे जे नियम सांगतात, त्यांत कर्मणी प्रयोग टाळावा हा एक प्रमुख नियम असतो. जॉर्ज ऑर्वेल ह्यांनी १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा ह्यांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातही तो आहे. आमच्याकडील काही पंडित तो नियम उचलून जसाच्या तसा मराठीवर लादतात आणि तेथे फसतात. 'शिपायाने गोळी झाडली' हे मराठीत कर्मणीच आहे; क्रियापद गोळीप्रमाणे चालते, शिपायाप्रमाणे नव्हे. परंतु शिपाई वाक्याच्या अग्रभागी तृतीयेचा 'ने' घेऊन उभाच आहे. आपला जुना कर्मणी प्रयोग कर्त्याला झाकीत नाही. झाकणारा प्रयोग निराळा. शालेय व्याकरणांत त्याला 'नवीन कर्मणी' म्हणतात आणि तो इंग्रजीच्या वळणाने आला असे सांगतात: 'गोळी झाडली गेली'. त्याचाच धाकटा भाऊ कचेऱ्यांत वाढला: 'गोळी झाडण्यात आली'. मराठी वृत्तपत्राचा जन्मच इंग्रजीच्या शेजारी झालेला आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी घेऊन. ह्या शेजाराने आपल्या गद्याला पुष्कळ दिले, ह्यात संशय नाही. त्याबरोबरच सरकारी जाहीरनाम्यांच्या भाषांतरातून 'करण्यात आले', 'देण्यात येत आहे', 'विचाराधीन आहे' ही निराकार ब्रह्माची भाषाही आली, आणि ती अद्याप गेलेली नाही. रस्ता बंद करण्यात येतो, झोपड्या हटविण्यात येतात, अनुदान रोखण्यात येते. कोण करतो, हे विचारू गेल्यास ब्रह्माला हात नाहीत असे उत्तर मिळते.

ह्याचे फळ किती कडू असू शकते, ते एका उदाहरणावरून पाहावे. 'अमृतसर येथे जमावावर गोळीबार करण्यात आला. त्यात ३७९ इसम मृत्युमुखी पडले.' हे वाक्य आम्ही नमुन्यादाखल जुळविले आहे; परंतु अशी वाक्ये कोणत्याही दिवशीच्या पत्रात सापडतील. आता दुसरे वाक्य घ्यावे. '१३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत ब्रिगेडियर जनरल डायर ह्याने इशारा न देता गोळ्या झाडण्याचा हुकूम सोडला. त्याच्या सैनिकांनी १६५० गोळ्या झाडल्या आणि सरकारी गणतीप्रमाणे ३७९ माणसे मारली.' पहिल्या वाक्यात 'मृत्युमुखी पडणे' हे जणू त्या माणसांनी आपण होऊन केलेले काम आहे. मृत्यू तोंड उघडून बसला होता आणि ते त्यात पडले. दुसऱ्यात हुकूम देणारा आहे, झाडणारे आहेत, मरणारे आहेत, आणि आकडा कोणाचा तेही आहे. कारण तो आकडा पुष्कळांस मान्य नव्हता. विशेषणे दोहोंतही नाहीत. 'क्रूर', 'अमानुष', 'राक्षसी' ह्यांतील एकही शब्द दुसऱ्या वाक्याला लागला नाही, तरी वाचकाच्या मनावर त्याचा जो आघात होतो तो पाच विशेषणांनी होणार नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, हंटर समितीपुढे साक्ष देताना खुद्द डायरने आपले कर्तेपण नाकारले नव्हते. कर्ता कबूल होतो आणि लेखणी मात्र त्याला दडविते, असा हा विचित्र प्रकार आहे.

कोणी म्हणेल की प्रत्येक घटनेस कर्ता असतोच असे नाही. पाऊस पडतो, वीज कोसळते, घर जुने होऊन खचते. हे खरे आहे, आणि अशा वेळी अकर्मक क्रियापद हेच प्रामाणिक क्रियापद होय. परंतु निसर्ग कोठे संपतो आणि माणूस कोठे सुरू होतो, हे पाहिल्यावाचून ते लिहू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली. 'धरण फुटले' हे वाक्य आज साठ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या तोंडी बसले आहे, आणि व्याकरणदृष्ट्या त्यात काही वावगे नाही. परंतु ते धरण अद्याप पुरे बांधून झाले नव्हते, आणि तशा स्थितीत त्यात पावसाळ्याचे पाणी साठले होते. ते साठू दिले कोणी, काम अपुरे असताना जोखीम पत्करली कोणी, हे प्रश्न 'फुटले' ह्या क्रियापदाच्या पोटात गडप होतात. 'फुटले' लिहावे लागेलच. त्यास इलाज नाही. मात्र ते लिहून झाल्यावर पूर्णविराम देण्याची घाई करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळणे न्याय्य होईल. बातमीदाराला पुष्कळदा कर्ता ठाऊकच नसतो. रात्री अकरा वाजता निरोप येतो, बाराला पान बांधावयाचे असते, आणि आता तर तेवढीही उसंत राहिली नाही. बातमी मोबाइलच्या पडद्यावर क्षणात धाडावी लागते. अशा वेळी त्याने काय करावे? येथे दोन गोष्टींचा भेद करावयास हवा: ठाऊक नसणे आणि न सांगणे. 'गोळी कोणी झाडली हे रात्री बारापर्यंत कळलेले नाही' हे वाक्य अज्ञान सांगते, आणि अज्ञान सांगणे हेही सत्य सांगणेच आहे. 'गोळी झाडण्यात आली' हे वाक्य अज्ञानावर पांघरूण घालते. वाचकाला मग हे कळत नाही की, लेखकाला ठाऊक नाही, की ठाऊक असून सांगावयाचे नाही, की विचारण्याचेच त्याच्या मनात आले नाही.

ह्या बाबतीत आपल्या पूर्वजांची सूक्ष्मता पाहून आम्ही थक्क होतो. पाणिनीने भूतकाळाचे तीन लकार सांगितले, त्यांतील लिट् हा परोक्ष भूतकाळासाठी राखून ठेवला. म्हणजे बोलणाराने जे स्वतः पाहिले नाही, ते सांगण्यासाठी क्रियापदाचे रूपच निराळे. पुढे व्याकरणपरंपरेला शंका पडली की, एखादी गोष्ट आपण पाहिली नाही, पण ती आपल्या हयातीत घडली, सर्व लोकांस ठाऊक आहे आणि मनात आणते तर पाहता आली असती, तर तिथे कोणते रूप वापरावे? पतंजलीच्या महाभाष्यात अशा ठिकाणी परोक्षाचे रूप नको असा निर्णय आहे, आणि उदाहरण दिले आहे ते यवनांनी साकेत नगराला घातलेल्या वेढ्याचे. म्हणजे त्या काळच्या ताज्या बातमीचे! बातमीचे व्याकरण हा विषय आम्हांला नवा वाटतो. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. ह्याच चर्चेत आणखी एक मौज आहे. मनुष्याचे स्वतःचे कर्म त्याला परोक्ष कसे असेल? टीकाकार उत्तर देतात की, तो झोपेत असेल अथवा मद्याने धुंद असेल, तर असू शकते.

मराठीत क्रियापदाची ती रूपे उरली नाहीत, पण 'म्हणे' हा एक लहानसा शब्द उरला आहे. 'तो पळून गेला म्हणे.' ह्या दोन अक्षरांत बोलणारा आपली जबाबदारी किती नेमकेपणाने मोजून देतो! वृत्तपत्राने हा घरगुती शब्द टाकला आणि त्याच्या जागी 'असे समजते', 'असे कळते', 'असे विश्वसनीय गोटातून सांगण्यात येते' ही भारदस्त मंडळी आणून बसविली. 'म्हणे' प्रामाणिक होता. तो ऐकीव गोष्टीला ऐकीव म्हणे. 'विश्वसनीय गोट' मात्र ऐकीव गोष्टीला फेटा बांधून प्रतिष्ठितांत बसवितो. सांगणाराचे नाव उघड केल्यास त्याची नोकरी अथवा जीव जाईल, अशा प्रसंगी नाव दडविणे हे कर्तव्यच आहे. तथापि तेथेही 'ह्या खात्यातील एका कारकुनाने कागद दाखवून सांगितले' इतके सांगता येते. गोटात किती माणसे आहेत आणि ती कशावरून विश्वसनीय, हे वाचकाला कळले पाहिजे.

कागद दाखवून, असे म्हटले खरे, पण कागदही फसवितात. १८८२ सालचा कोल्हापूर खटला मराठी पत्रकारांनी विसरू नये असा आहे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे, अशी बातमी 'केसरी' आणि 'मराठा' ह्यांनी दिली, आणि दिवाण माधवराव बर्वे ह्यांना त्यात गोवणारी पत्रे प्रमाण मानली. ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर ह्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. लोकांनी त्यांना वीर मानले, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. महाराजांच्या हालांविषयीची लोकांची चिंता निराधार नव्हती, हेही पुढल्याच वर्षी, १८८३ साली, अहमदनगर येथे ते पहाऱ्यात असता त्यांचा जो अंत झाला त्यावरून दिसले. परंतु ह्यावरून त्या वाक्यातील कर्ता बरोबर होता असे ठरत नाही. दुःख खरे, आणि दुःख देणाराचे छापलेले नाव पुराव्याला न टिकणारे, असे होऊ शकते. आणि मग ज्याच्या दुःखासाठी लेखणी उचलली त्याचेच नुकसान होते, कारण विरोधकाला एक खोटा कागद दाखवून सगळी हकीकत खोटी म्हणता येते. हेच आगरकर पुढे १८८८ साली 'वाक्यमीमांसा' लिहून मराठी वाक्याचे पृथक्करण करावयास बसले. तुरुंगाचा आणि ग्रंथाचा संबंध आम्ही जोडीत नाही. तेवढा पुरावा आमच्यापाशी नाही. पण वाक्यातील कर्ता कोण ह्याची चिकित्सा करणारा ग्रंथ एका संपादकाच्या हातून व्हावा, हे आम्हांस मोठे समर्पक वाटते.

म्हणजे कर्ता लपविणे हे जसे पाप, तसे कर्ता घाईने नेमणे हेही पापच. 'चोरास पकडले' असे छापणाराने न्यायाधीशाचे काम विनावेतन करून टाकलेले असते. संशयित, आरोपी, गुन्हेगार ह्या तीन शब्दांत जे अंतर आहे ते पोलिसचौकीपासून न्यायालयाच्या निकालापर्यंतचे अंतर आहे, आणि ते चालून जावयास माणसाला कधी कधी दहा वर्षे लागतात. वृत्तपत्राने ते एका ओळीत उडी मारून ओलांडू नये. निर्दोष सुटल्याची बातमी आतल्या पानावर, शेतमालाच्या भावांच्या खाली, चार ओळींत येते, हे आपण सर्व जाणतोच.

एके ठिकाणी तर कायदा आणि सवय ह्यांचा चमत्कारिक संकर झालेला आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडित स्त्रीचे नाव छापण्यास आपल्या कायद्याने १९८३ पासून मनाई केली, आणि ती योग्यच आहे. परंतु बातमी वाचावी तर ती अशी: 'अमुक गावी एका विवाहितेवर अत्याचार झाला.' तिचे नाव कायद्याने गेले. करणारा व्याकरणाने गेला. तरी वाक्यात माणूस म्हणून उरते ती तीच. तिचे वय, तिचे गाव, ती कोठून येत होती, किती वाजता येत होती, एकटी होती काय, हे सर्व तपशील मग तिच्याच भोवती गोळा होतात. कारण वाक्याला लटकविण्यास दुसरी खुंटीच ठेवलेली नाही. 'एका पुरुषाने अत्याचार केला' एवढे लिहिले असते, तरी कोणाचे नाव न छापता प्रश्नांचे तोंड योग्य दिशेला वळले असते.

ह्याहूनही खास मराठी असा एक प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा आम्ही फारशी कोठे वाचलेली नाही. बातमीत कोणाला 'तो' म्हणावे आणि कोणाला 'ते'? इंग्रजी वार्ताहराला हे संकट नाही. आम्हांला ते प्रत्येक ओळीत आहे. एक धनिक व्यापारी आणि त्याचा मोटारचालक एकाच गुन्ह्याबद्दल न्यायालयात उभे राहतात. बातमी येते: 'शेठजी न्यायालयात हजर झाले. त्यांचा चालकही हजर झाला.' दोघेही आरोपी, दोघांवर कलम एकच, आणि वचने दोन. मंत्री येतात आणि शिपाई येतो. प्राध्यापक म्हणाले आणि हमाल म्हणाला. मृत्यूनेही ही पायरी मोडत नाही: प्रतिष्ठितांचे निधन होते, सामान्य मनुष्य वारतो, इस्पितळातला गरीब दगावतो, आणि खाणीतला मजूर ठार होतो. जुन्या पत्रांत कैलासवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी अशी परलोकातील पत्त्यांची देखील व्यवस्था असे. मजुराला मात्र कोणत्याच लोकी पाठविण्याची तसदी कोणी घेत नसे.

एकवचन म्हणजे अपमानच, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या घरात वडील येतात आणि आई येते. वडिलांना बहुवचन, आईला एकवचन, आणि आईचा मान त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. विठोबाला आपण 'तू' म्हणतो. हे एकवचन जिव्हाळ्याचे आहे. परंतु वृत्तपत्र कोणाचे मूल नव्हे आणि कोणाचे भक्तही नव्हे. त्याच्या एकवचनात जिव्हाळा असण्याचे कारण नाही. तेथे उरते ती फक्त पायरी. सर्वांनाच 'ते' म्हणावे, तर स्पष्टतेची थोडी हानी होते, हेही मान्य केले पाहिजे. 'मंत्री आले' ह्यात एक आले की चार, हे कळत नाही. तथापि ही हानी 'एक' हा शब्द घालून भरून काढता येते. चालकाच्या मानाची हानी कशाने भरून काढणार? आमचा कौल स्पष्ट आहे: वयात आलेल्या प्रत्येक माणसाला, तो आरोपी असो की मोलकरीण असो, बातमीत एकच वचन असावे. ज्याला न्यायालयाने शिक्षा दिली आहे, त्यालाही. शिक्षेत सर्वनामाचा समावेश न्यायाधीशांनी केलेला नसतो.

'आपण' ह्या शब्दाविषयी दोन ओळी लिहिणे भाग आहे. 'अध्यक्ष म्हणाले की आपली चूक झाली.' कोणाची? अध्यक्षांची, श्रोत्यांची, की सर्वांची मिळून? भाषणात हा गोंधळ आवाजाने निवळतो. छापील ओळीला आवाज नसतो. अशा ठिकाणी संपादकाने शब्द बदलून 'स्वतःची' अथवा 'श्रोत्यांची' असे लिहावे, आणि वक्त्यालाच संदिग्ध राहावयाचे होते अशी शंका असेल, तर वक्त्याचे वाक्य अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवावे. अनुस्वाराचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी पुष्कळसे अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा जुन्या पिढीला हळहळ वाटली. पण त्यामुळे 'घरात चोरी' आणि 'घरांत चोरी' ह्यांत आज एका टिंबाने चोरीची संख्या ठरते. पूर्वी दोन्हीकडे टिंब असे, आणि किती घरे लुटली हे पुढे वाचावे लागे. मुद्रितशोधकाला आपण क्षुल्लक ठिपके वेचीत बसतो असे वाटत असेल, तर त्याने हे उदाहरण जवळ बाळगावे.

शेवटी, संपादक स्वतःच्या चुकीविषयी कसे लिहितो, ते पाहण्यासारखे आहे. कोपऱ्यात बारीक टाइपात दुरुस्ती येते: 'कालच्या अंकात अनवधानाने अमुक मजकूर छापला गेला.' कोणाच्या अनवधानाने? मजकूर आपल्या पायांनी यंत्रापर्यंत चालत गेला काय? वर सांगितलेली वैयाकरणांची अट येथे लावून पाहावी. स्वतःचे कर्म परोक्ष होण्यास निद्रा तरी लागते अथवा मद्य तरी. एरवी 'आम्ही' ह्या भारदस्त सर्वनामाने सरकारला, समाजाला आणि शेजारच्या राष्ट्रांना रोज चार शब्द सुनावणारा संपादक नेमक्या ह्याच ओळीतून नाहीसा होतो. 'आम्ही अमुक चुकीचे छापले' असे तीन-चार शब्द पुरे झाले असते.

तरी प्रत्येक अंकात एक वाक्य असे असते की ज्यात कर्ता कधीच गळत नाही. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा आला, तरी शेवटच्या पानाच्या तळाशी, बहुधा भिंग घेतल्याशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत, ती ओळ अद्याप येते: हे पत्र अमुक ह्यांनी, अमुक छापखान्यात छापून, अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले. कोणी, कोठे, काय केले, सर्व त्यात आहे.